ओल्युदेनिझची सुट्टी: आधी वारा बघा, मग दिवस आखा

ओल्युदेनिझला आलेले बरेच जण सकाळी हॉटेलच्या नाश्त्यावर रेंगाळतात, अकराच्या पुढे समुद्रावर उतरतात आणि मग कुरकुरतात की बोट फार हलते, ऊन भाजून काढतं आणि पॅराग्लायडिंगवाला ‘उद्या सकाळी या’ म्हणतो. इथे काय करायचं याची यादी कुठेही मिळते. ते कधी करायचं हे कळलं नाही तर मात्र पैसे जातात आणि मजाही जाते.

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला, फेथिये शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर हा किनारा आहे. समोर भूमध्य समुद्र आणि पाठीला लागूनच जवळजवळ दोन हजार मीटर उंचीचा बाबादाग डोंगर. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे प्रत्यक्ष बघायचे तर याहून चांगली जागा नाही. पहाटे हवा जवळजवळ थबकलेली आणि पाणी काचेसारखं असतं. दहा-अकरानंतर डोंगराचा उतार तापतो, हवा वर चढते आणि समुद्रावरून वारा सुटतो. तीन ते पाच त्याचा जोर असतो, सूर्यास्ताला तो पडतो. म्हणून पोहणं, कयाक आणि उड्डाण सकाळी. भर दुपारी सावली, जेवण, झोप. चारनंतर गावं, अवशेष, बाजार. हवेवर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांत उरकायला घ्या. एखादा दिवस रद्द झाला तर हाताशी दुसरा उरतो.

कधी जावं

कोकणातला समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला आणि बंद असतो. नेमके तेच महिने इथे कोरडे आणि भर हंगामाचे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी सहज ओलांडतो, पाणी 27-28 अंशांवर जातं आणि गर्दी कळस गाठते. आमचं मत विचाराल तर जूनचा पूर्वार्ध किंवा 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पाणी तेव्हा वीस-एकवीस अंशांच्या आसपास असतं. अलिबाग-मालवणच्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला ते चांगलंच गार लागतं, लहान मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात पडली तर ठीक. नोव्हेंबरात पडली तर बोटी किनाऱ्याला ओढलेल्या आणि निम्मी दुकानं बंद दिसतील.

पोचणं आणि फिरणं

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा निवासी परवाना असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो: एक प्रवेश, 30 दिवस. आधारासाठी दाखवलेला व्हिसा स्वतः ई-व्हिसा असेल तर चालत नाही. बाकीच्यांना स्टिकर व्हिसासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. त्याला काही आठवडे हाताशी ठेवा आणि व्हिसा येईपर्यंत परत न मिळणाऱ्या दराचं हॉटेल घेऊ नका.

जवळचा विमानतळ दालामान, तिथून फेथिये साधारण 50 किलोमीटर. मुंबईहून यायचं तर इस्तंबूलला विमान बदलावं लागतं. सापळा इथेच आहे. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि सबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला. स्वस्त देशांतर्गत तिकीट अनेकदा दुसऱ्याच विमानतळावरून निघतं आणि मधलं अंतर वाहतुकीत दोन तासही खातं. तिकीट काढताना विमानतळाचं नाव दोनदा वाचा. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींचं काम सोपं आहे: उन्हाळ्यात लंडन, मँचेस्टरहून थेट दालामान, चार-साडेचार तासांत.

एकदा पोचलात की गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. दोलमुश, म्हणजे आपल्याकडच्या वडापचा नीटनेटका भाऊ, फेथियेहून ओवाजिक, हिसारोन्यू करत ओल्युदेनिझला दिवसभर येत-जात असतो. हात केला की थांबतो. उतरायचं असलं की ‘इनेजेक वार’ म्हणायचं, म्हणजे ‘उतरणारं आहे’. सुट्टे लिरा जवळ ठेवा. रात्री शेवटची गाडी किती वाजता, हे जाताना चालकालाच विचारून घ्या, कारण हंगामाप्रमाणे वेळ बदलते आणि ती चुकली की टॅक्सीचा भुर्दंड पडतो.

कार्ड देताना मशिनवर लिरा की रुपये असं विचारलं तर लिरा निवडा. रुपये निवडले की दुकानाची बँक तिच्या मनचा दर लावते. एटीएमवरही ‘रूपांतर नको’ असाच पर्याय घ्या. आपल्याकडचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या 220 व्होल्टच्या सॉकेटात बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

पाणी: दोन किनारे, दोन स्वभाव

ओल्युदेनिझ या नावाचा अर्थ ‘मृत समुद्र’. बाहेर लाटा असल्या तरी आतलं खारकच्छ निश्चल असतं, म्हणून हे नाव. फोटोत दिसतं ते निळं पाणी म्हणजे कुमबुर्नू नावाच्या वाळूच्या जिभेमागचं हे खारकच्छ. ते संरक्षित निसर्गउद्यानात आहे, प्रवेशाला तिकीट लागतं आणि पाठीची खुर्ची व छत्रीचे पैसे वेगळे. पाणी उथळ, संथ, मोटरबोटींना बंदी. लहान मुलं आणि नवशिके यांनी इथेच उतरावं. नऊच्या आत पोचलात तर झाडाखालची सावली फुकट मिळते. अकरानंतर गेलात तर सावलीही विकत घ्यावी लागते.

शेजारचा लांबलचक बेलजेकिझ किनारा फुकट आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा. तिथे गोटे आहेत, वाळू नाही, आणि चार-पाच पावलांतच पाणी डोक्यावर जातं. आपण गणपतीपुळ्याला किंवा कळंगुटला लांबवर चालत आत जातो, तसं इथे होत नाही. लाट परतताना पायाखालचे गोटे सरकवते आणि माणूस बसतोच. त्यामुळे पाण्यातले रबरी बूट हवेतच. किनाऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण आपल्या मापाचे घरून आणलेले बरे.

आणखी एक फरक. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जाणवावी इतकी होतच नाही, पाणी जेमतेम वीतभर वरखाली होतं. तेव्हा भरतीचं वेळापत्रक शोधू नका, वारा आणि किनाऱ्यावरचे झेंडे बघा. लाल झेंडा असेल तर पोहायचं नाही. पाणी अरबी समुद्रापेक्षा खारट, त्यामुळे अंग हलकं तरंगतं पण डोळे चुरचुरतात. पोहण्याचा चष्मा न्या. खडकाळ भागात समुद्री साळिंदरं असतात. काटा रुतला तर दाबून काढू नका, तो आत तुटतो. गरम पाण्यात पाय बुडवून कातडी मऊ करा, चिमट्याने सरळ ओढा. नाहीच निघाला तर ‘एजझाने’, म्हणजे औषधांचं दुकान गाठा. तातडीच्या मदतीचा क्रमांक 112.

कयाक सकाळी आठ ते दहा. त्यानंतर बाहेर गेलात तर परतताना वारा कुठून येतो ते आधी बघा. जाताना पाठीवरचा वारा सुखाचा वाटतो, परतताना तोच छातीवर येतो आणि हात गळतात.

बाबादागवरून उडणं

ओल्युदेनिझ जगभर माहीत आहे ते यासाठी. उड्डाणाचे तळ 1200, 1700, 1800 आणि 1900 मीटरवर आहेत. 2021 मध्ये ओवाजिकच्या बाजूने तेलेफेरिक, म्हणजे रोपवे सुरू झाला. केबिन 1200 व 1700 मीटरपर्यंत नेते, त्यावर खुर्च्यांची लिफ्ट. उडायचं नसेल तरी सूर्यास्ताला वर जाऊन यावं. मात्र एक जाकीट घ्या. दर हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने शिखराजवळ खालच्यापेक्षा बारा अंश कमी असतात, आणि वर वारा. चड्डी-बनियनवर गेलेले पाच मिनिटांत खाली जाणारी केबिन शोधू लागतात.

जोडीने उडताना, म्हणजे वैमानिक मागे आणि तुम्ही पुढे, 25 ते 40 मिनिटं हवेत राहता. आरक्षण करताना चार गोष्टी विचारा: दरात वर जाण्याचं तिकीट आणि विमा धरला आहे का, वजनाची मर्यादा किती (बहुधा 100-110 किलोच्या आसपास), हवामानामुळे रद्द झालं तर पूर्ण पैसे परत की फक्त दुसरी तारीख, आणि फोटो-व्हिडिओचे किती. शेवटचा प्रश्न विसरलात तर उतरल्यावर, आनंदाच्या भरात असताना, तुमच्याकडून जास्त पैसे काढले जातात. पासपोर्टचे तपशील विम्यासाठी लागतात. रस्त्यावर हाताला धरून ‘आजच स्वस्तात’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

प्रत्यक्ष उड्डाणात चूक एकाच जागी होते. उतारावर धावताना छत्री भरली की ती मागे ओढते, आणि घाबरून माणूस खाली बसतो. बसायचं नाही. ओढ जाणवली तरी पुढे वाकून पळत राहायचं, पाय हवेत गेले तरी दोन पावलं मारायची. वैमानिक सांगेल तेव्हाच मागे सरकून बसायचं. उतरताना त्याच्या खुणेवर पाय उचलायचे किंवा उभं राहायचं, तो जे सांगेल ते. बांधलेले बूट हवेत, सपाता चालत नाहीत. खिशातला मोबाईल वैमानिकाकडे द्या किंवा चेनच्या खिशात ठेवा.

सकाळची हवा गुळगुळीत असते. बारा ते तीनमध्ये वर चढणाऱ्या गरम हवेचे धक्के बसतात आणि पोट ढवळतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी पहिली फेरी घ्यावी, आधी फक्त टोस्ट किंवा केळं खावं, आणि वैमानिकाला गिरक्या नकोत असं उड्डाणापूर्वीच सांगावं. वर गेल्यावर सांगितलं तर ते वाऱ्यात ऐकू जात नाही.

स्कूबा डायव्हिंगही करणार असाल तर क्रम पाळणं गंभीर आहे. आधी बाबादाग, मग डायव्हिंग. पाण्याखाली रक्तात साठलेला नायट्रोजन हवेचा दाब झटकन कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास उंचावर जाऊ नये असा नियम आहे. तो परतीच्या विमानाला जितका लागू, तितकाच या डोंगराला. म्हणजे शेवटच्या दिवशीही डायव्हिंग नको.

बोट

बेलजेकिझवरून निघणाऱ्या दिवसभराच्या बोटी साधारण अकराला सुटतात आणि सहाच्या सुमारास परततात. निळी गुहा, फुलपाखरांची दरी, गेमिलेर बेट, थंड पाण्याचा झरा असे थांबे. जेवण दरात, पेयं वेगळी. फेथिये बंदरातून ‘बारा बेटां’ची फेरी निघते. ती ग्योजेकच्या आडोशाच्या आखातात फिरते, त्यामुळे बोट लागणाऱ्यांनी तीच निवडावी. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बोट डोळ्यांनी बघा. चाच्यांच्या जहाजाचा आव आणलेल्या मोठ्या बोटीवर दिवसभर कर्कश संगीत आणि फेसाचा खेळ असतो. शांतता हवी तर लाकडी ‘गुलेत’ घ्या. किती माणसं नेता, हा पहिला प्रश्न.

चढल्यावर वरच्या डेकवर धावू नका. दुपारी तिथे गादी तव्यासारखी तापते. मागच्या बाजूची छताखालची जागा धरा, तिथे बोट कमी हलते. गोळी घेणार असाल तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

गेमिलेर बेटावर बायझंटाइन काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. थांबा तासाभराचा असेल तर पोहण्याआधी वर चढून या, बूट घालून. फुलपाखरांच्या दरीत भिंतीसारखे कडे तिन्ही बाजूंनी उठलेले आहेत. तिथे समुद्राकडूनच जावं. वरच्या फारालिया गावाहून उतरणारी दोर धरायची वाट फोटोत गंमतीची दिसते, पण तिथे माणसं पडून मेली आहेत. दुपारी समुद्र चढला तर परतीची छोटी बोट रद्द होते आणि रात्र दरीतच काढावी लागते, म्हणून सकाळच्या बोटीने जा आणि शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका.

शाकाहारी असाल तर

‘एतसिझ’ म्हणजे मांसाशिवाय, पण अनेकांच्या लेखी ‘एत’ म्हणजे बकरा-गाय. कोंबडी आणि मासा त्यात मोजतीलच असं नाही. म्हणून पूर्ण वाक्य सांगा: ‘एत, तावुक, बालिक येमियोरुम’, मांस, कोंबडी, मासे खात नाही. डाळीचं ‘मेर्जिमेक’ सूप आपल्याला घरचं वाटतं, पण ते कधी हाडांच्या पाण्यात करतात. ‘एत सुयू वार मी?’ विचारा. भाताबाबतही तेच, पिलाव बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजतो.

निर्धास्त खावं ते ‘झेयतिनयाली’, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या. ‘बारबुन्या’ हा तर राजम्याचाच चुलतभाऊ. ‘इमाम बायिल्दी’ या भरल्या वांग्यात फक्त कांदा-लसूण-टोमॅटो असतो. हुबेहूब तसंच दिसणाऱ्या ‘कार्नियारिक’मध्ये खिमा असतो, गफलत नेमकी इथे होते. बटाटा, पालक किंवा चीज भरलेलं ‘गोझ्लेमे’ दुपारचं उत्तम जेवण. ‘चिय क्योफ्ते’ नावात कच्चं मांस असलं तरी दुकानात मिळतो तो दलिया आणि तिखटाचा, बिनमांसाचा. जेवण फिकं वाटलं तर ‘पुल बिबेर’ मागा, लाल मिरचीचा चुरा फुकट मिळतो.

किनाऱ्यापासून दूर

कायाकोयसाठी दुपारी चारनंतर निघा. डोंगरउतारावर छप्पर नसलेली शेकडो दगडी घरं उभी आहेत. 1923 साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली, इथले ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक गेले आणि गाव पुन्हा वसलं नाही. 1957 च्या भूकंपाने उरलंसुरलं मोडलं. फाळणी ऐकून-वाचून वाढलेल्या माणसाला इथे फारसं समजावून सांगावं लागत नाही. दीड तास पुरतो. भिंतींवर चढू नका, दगड सुटे आहेत. चालायची हौस असेल तर कायाकोयहून ओल्युदेनिझपर्यंत खुणांची पायवाट आहे, अडीच-तीन तासांची. ती मात्र सकाळी घ्या, माणशी दोन लिटर पाण्यासह.

1999 मध्ये आखून झालेली लिकियन वाटही ओवाजिकजवळच सुरू होते आणि पाचशेहून अधिक किलोमीटर अंताल्याच्या दिशेने जाते. लाल-पांढरे पट्टे बघत फारालियापर्यंतचा पहिला टप्पा पाच-सहा तासांचा. एप्रिल किंवा ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये हे करू नये.

साक्लिकेंत ही खोल घळ फेथियेहून दोलमुशने तासाभरावर. आधी लाकडी फळ्यांचा मार्ग, मग बर्फगार पाण्याचा जोरदार प्रवाह ओलांडून आत शिरायचं. पकड असलेले बूट लागतात, तिथे भाड्याने मिळतात. वसंतात बर्फ वितळत असताना पाणी चढलेलं असतं. रखवालदार नाही म्हणाला तर वाद घालू नका. डोंगरात पावसाचे ढग असतील तर घळीत शिरूच नका, वर पडलेला पाऊस खाली न दिसता येतो. दहाच्या आत पोचा, नंतर सहलीच्या बसा येतात.

दाल्यानजवळचा इझतुझू किनारा साडेचार किलोमीटरचा, आणि समुद्री कासवांचा. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले येतात, इथे कारेट्टा कारेट्टा जातीची कासवं मे ते सप्टेंबर घरटी करतात. रात्री आठ ते सकाळी आठ किनारा बंद. खुंट्यांनी आखलेल्या पट्ट्यात छत्री रोवू नका, टोक थेट अंड्यांत जातं.

हमाम मुक्कामाच्या सुरुवातीला घ्या. तापलेल्या दगडावर पंधरा-वीस मिनिटं, मग ‘केसे’ या खरखरीत मोज्याने घासणं, मग फेस. उन्हाने भाजलेल्या कातडीवर केसे फिरला की डोळ्यांतून पाणी येतं. रिसॉर्टमधले हमाम बहुधा स्त्री-पुरुष एकत्र असतात, पोहण्याचे कपडे अंगावर ठेवायचे. बायकांनी घासणारी बाईच हवी हे आरक्षणाच्या वेळी सांगावं.

मासे खाणाऱ्यांनी एक संध्याकाळ फेथियेच्या मासळी बाजारासाठी ठेवावी. मध्ये विक्रेते, भोवती खानावळी. मासा स्वतः निवडायचा, तोलून पैसे द्यायचे आणि कोणत्याही खानावळीत भाजायला द्यायचा. कल्ले लाल आणि डोळे टपोरे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘चिपुरा’ आणि ‘लेव्रेक’ हे मासे बहुतेक पाळून वाढवलेले असतात. ‘देनिझ’ म्हणून विकतात ते मोकळ्या समुद्रात पकडलेले आणि महाग. भाव किलोचा आहे की नगाचा, विचारा. वजन साफ करण्याआधीचं धरतात. खानावळीत बसण्यापूर्वी भाजण्याचे माणशी किती आणि त्यात सॅलड-पाव धरला आहे का, हे ठरवून घ्या. टेबलावर न मागता आलेल्या ताटल्या फुकट समजू नका, नको असतील तर लगेच परत पाठवा. मंगळवारी गेलात तर त्याच फेरीत आठवडी बाजारही होतो. अंजीर, ऑलिव्ह आणि सुकी मिरची तिथे घ्या, किनाऱ्यावरच्या दुकानात नको.